वाद्ये परत केल्यानंतर

१९७० साली प्रागमधल्या एका रॉक बँडला सरकारकडे वाद्ये परत करावी लागली. ‘द प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ हे त्या बँडचे नाव. चेकोस्लोव्हाकियात त्या काळी व्यावसायिक परवाना असलेल्या वादकांना वाद्ये, अ‍ॅम्प्लिफायर, तालमीची जागा सरकारी संस्थेकडून मिळत असे. परवाना गेला की सामानही जाई. बँड उभा राहिला होता १९६८ च्या शरदात, सोव्हिएत रणगाडे शहरात शिरल्यावर काही आठवड्यांनी. बेस गिटार वाजवणारा आणि चाली बांधणारा मिलान ह्लावसा तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि खाटकाचे काम शिकत होता. परवाना गेल्यावर योसेफ यानिचेक या साथीदाराने जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंचे भाग काढून त्यांतून अ‍ॅम्प्लिफायर जोडले, आणि बँड पुन्हा वाजू लागला.

भूमिगत बँडच्या आयुष्यावर कादंबरी, नाटक किंवा चित्रपट लिहिणाऱ्याने सुरुवात कुठून करावी असे कुणी मला विचारले, तर मी या अ‍ॅम्प्लिफायरकडे बोट दाखवीन. तुरुंग, सनद, राष्ट्राध्यक्षांशी मैत्री हे सगळे नंतरचे. त्याआधी चार-पाच मुले आहेत. त्यांना एक विशिष्ट आवाज काढायचा आहे आणि त्याला लागणारे सामान त्यांच्यापाशी नाही. या इच्छेत राजकारण नसते. तिच्या आड कुणीतरी येते तेव्हा राजकारण तिला येऊन चिकटते. कथालेखकाने हा क्रम सांभाळायला हवा, आणि नेमका तोच बहुतेक वेळा उलटा होतो. बंडखोर आधी येतो, वादक त्याच्या मागून. क्रम उलटला की आपण नकळत पोलिसांच्या नजरेने त्या मुलांकडे पाहू लागतो, कारण त्यांची फाइल उघडणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्यांच्यात आधी बंडखोरच दिसला होता.

हे घडत कसे गेले ते पाहिले पाहिजे. १९६८ नंतरच्या ‘सामान्यीकरणा’च्या वर्षांत प्रत्येक बँडला सरकारी परीक्षकांसमोर वाजवून दाखवावे लागे. पसंत पडले तर मानधनाची श्रेणी ठरे, जाहीर कार्यक्रम करता येत. लांब केस, इंग्रजी नावे, इंग्रजी गाणी, निराशेचा सूर यांना तिथे जागा नव्हती. प्लास्टिक पीपलने नावच मुळी फ्रँक झप्पाच्या गाण्यावरून घेतलेले. न्यूयॉर्कच्या व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची गाणी त्यांना प्राणाहून प्रिय. उच्चार नीट व्हावेत म्हणून त्यांनी पॉल विल्सन या प्रागमध्ये राहणाऱ्या कॅनेडियन तरुणाला गायक म्हणून घेतले होते. बँडला दिशा देणारा इव्हान यिरोउस कलेतिहासाचा अभ्यासक होता. त्याने परवान्याला वळसा घालायची वाट शोधली: अँडी वॉरहॉलवर व्याख्यान जाहीर करायचे, मोजक्या पारदर्शिका दाखवायच्या आणि मग उदाहरण म्हणून बँडने मनसोक्त वाजवायचे. तीही वाट बंद झाली तेव्हा लग्ने उरली. लग्नघरात गाणेबजावणे चालते. १९७४ मध्ये पोस्तुपित्से गावी आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये बोयानोवित्से गावी जे मोठे मेळावे झाले ते लग्नाच्या निमित्ताने. दुसऱ्यात नवरदेव खुद्द यिरोउस होता. निमंत्रण तोंडी जाई. लोक आगगाडीने येत, मग शेतांतून आणि रानांतून चालत जात.

दरम्यान मार्च १९७४ मध्ये रुडॉल्फोव्ह गावी पोलिसांनी एक कार्यक्रम उधळून ऐकायला आलेल्या पोरांना झोडपून काढले होते. १९७६ च्या मार्चमध्ये धरपकड झाली, सप्टेंबरात खटला चालला. आरोप गुंडगिरीचा, पुरावा गाण्यांतल्या अर्वाच्य शब्दांचा. यिरोउसला १८ महिने, दुसऱ्या एका बँडच्या पावेल झायिचेकला १२, प्लास्टिक पीपलचा सॅक्सोफोनवादक व्रातिस्लाव ब्राबेनेत्स आणि गाणारे पाद्री स्वातोप्लुक कारासेक यांना प्रत्येकी ८ महिने. न्यायालयाच्या आवारात नाटककार वात्स्लाव हावेल होता. त्याची आणि या मंडळींची ओळख नवीनच होती. लांब केसांची ही पोरे त्याच्या वर्तुळातली नव्हती. तरीही यांना तुरुंगात जाऊ दिले तर उद्या कुणालाही जावे लागेल हे त्याने ओळखले. मानवी हक्कांची मागणी करणाऱ्या, १ जानेवारी १९७७ च्या ‘सनद ७७’ची ठिणगी या खटल्यातून पडली. तिच्या पहिल्या प्रवक्त्यांपैकी तत्त्वज्ञ यान पातोच्का लांबलचक चौकशांनंतर मार्चमध्येच वारले. १९७८ मध्ये हावेलने सत्ताहीनांच्या सत्तेवर जो दीर्घ निबंध लिहिला तो पातोच्कांना अर्पण केलेला आहे, आणि त्यात या खटल्याबद्दल तो म्हणतो की तिथे दोन राजकीय मते एकमेकांसमोर उभी नव्हती, जगण्याच्या दोन कल्पना उभ्या होत्या.

हावेलचे हे वाक्य कथालेखकाला दिलेले आमंत्रण आहे असे मला वाटते. जगण्याची कल्पना निबंधात सांगता येते, दाखवायला मात्र गोष्ट लागते. पण झाले असे की सनदेने इतिहास घडवला आणि इतिहासाने बँड आपल्या खात्यात जमा करून घेतला. ह्लावसा पुढे आयुष्यभर सांगत राहिला की आम्हाला फक्त आमचे संगीत वाजवायचे होते. हा त्याचा विनय आहे असे समजून लोक पुढे जात. मी ते शब्दशः खरे मानतो. एका राजवटीला सतरा वर्षांच्या पोराचे ‘फक्त वाजवायचे होते’ सहन झाले नाही, यात त्या राजवटीबद्दलचे सगळे काही येऊन जाते. त्या पोराला मागाहून क्रांतिकारक ठरवले की ही गोष्ट झाकली जाते.

चेक भाषेत हे जाणणारा एक लेखक प्लास्टिक पीपलच्या जन्माआधीच होता. योसेफ श्क्वोरेत्स्की १९२४ मध्ये नाखोद या सीमेलगतच्या गावी जन्मला. जर्मन ताब्याच्या वर्षांत तो विशीत शिरत होता, सॅक्सोफोन वाजवत होता आणि नाझींनी हीन ठरवलेल्या जाझवर जीव टाकत होता. ‘भेकड’ ही कादंबरी त्याने १९४८-४९ मध्ये लिहिली. छापली गेली १९५८ मध्ये. मे १९४५ चा एक आठवडा. जर्मन माघार घेतायत, लाल सेना येऊन ठेपतेय, गावात उठावाची धांदल. निवेदक डॅनी स्मिरझित्स्की या सगळ्यात आहे, त्याच्या हाती शस्त्रही येते, आणि त्याच्या मनात मात्र एक मुलगी आणि त्याचा बँड. अधिकृत समीक्षक खवळले. मुक्तीच्या पवित्र दिवसांत नायक पोरीचा आणि सॅक्सोफोनचा विचार करतो म्हणजे काय? पुस्तक मागे घेतले गेले, श्क्वोरेत्स्कीची संपादकाची जागा गेली, प्रकाशनसंस्थेतल्या माणसांनाही किंमत मोजावी लागली.

या कादंबरीतले धैर्य मला तिच्या शीर्षकाच्या अगदी विरुद्ध टोकाला दिसते. लेखकाने डॅनीला शेवटी शहाणा केलेले नाही. बँड सोडून तो देशकार्याला लागत नाही. देशकार्यातल्या फुशारक्या त्याला बँडमधल्या कानाने ऐकू येतात, म्हणून त्यातले बेसूर त्याला लगेच कळतात. वादकाची नीती कानातून येते हे इतक्या सरळपणे मांडणारे लेखन मी फार थोडे वाचले आहे.

त्याच लेखकाची १९६७ ची ‘बास सॅक्सोफोन’ ही लघुकादंबरी याहून अवघड जागी जाते. गाव तेच, काळ युद्धाचा. एक जर्मन फिरता वाद्यवृंद गावात उतरतो. त्यातली माणसे युद्धाने मोडलेली, विद्रूप, कुणाचे काही गेलेले, कुणाचे काही. चेक मुलगा एका म्हाताऱ्याला वाद्याची अवजड पेटी हॉटेलपर्यंत न्यायला हात देतो. पेटीत बास सॅक्सोफोन आहे, जो त्याला आजवर फक्त ऐकून माहीत होता. शत्रूच्या बँडमध्ये, शत्रूच्या श्रोत्यांसमोर वाजवायचे म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पण ते वाद्य समोर आहे. तो वेषांतर करून मंचावर बसतो. पुढे जे होते ते मी इथे सांगत नाही. एवढेच म्हणतो की लाज आणि ओढ यांपैकी एकीलाही लेखक जिंकू देत नाही. आवाज शब्दांत पकडायचा प्रयत्नही तो फारसा करत नाही. त्या धातूचे वजन, फुप्फुसाला पडणारा ताण, पट्ट्यांवरून घसरणारी बोटे यांतून तो वाचकाच्या अंगात ते वाद्य उतरवतो. रॉक बँडवर लिहिणाऱ्याने आधी हे पुस्तक वाचावे. मोठा आवाज लिहायचा तर विशेषणे कामाला येत नाहीत, शरीर येते.

श्क्वोरेत्स्की १९६९ मध्ये देश सोडून कॅनडात गेला आणि टोरांटोत त्याने व त्याच्या पत्नीने देशात बंदी असलेली चेक पुस्तके छापली. पॉल विल्सनला १९७७ मध्ये चेकोस्लोव्हाकियातून हाकलले. तोही कॅनडात परतला, आणि पुढे श्क्वोरेत्स्कीच्या कादंबऱ्या व हावेलचा तो निबंध इंग्रजीत आणणारा अनुवादक म्हणून जगाला माहीत झाला. एका भूमिगत बँडचा गायक पुढे त्या देशाच्या साहित्याचा आवाज झाला, ही घटना कुणी कल्पनेने रचली असती तर आपण तिला ओढूनताणून आणलेली म्हटले असते.

२००६ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये टॉम स्टॉपर्डचे ‘रॉक ‘एन’ रोल’ रंगमंचावर आले. स्टॉपर्ड झ्लीन या चेक गावात जन्मलेला, युद्धात पळालेल्या कुटुंबाबरोबर लहानपणीची काही वर्षे दार्जिलिंगला राहिलेला, मग इंग्रज झालेला. नाटकातला यान केंब्रिजहून रेकॉर्डचा गठ्ठा घेऊन प्रागला परततो, हळूहळू प्लास्टिक पीपलच्या मागे लागतो आणि एक दिवस पोलीस त्याच्या रेकॉर्ड फोडून टाकतात. यान म्हणतो त्याचा आशय असा, की विरोधकांना राजवट ओळखते, त्यांच्याशी तिला बोलता येते. या बँडला तिची पर्वाच नाही, म्हणून ती घाबरते. फार मार्मिक निरीक्षण आहे. पण प्लास्टिक पीपल स्वतः नाटकात येत नाहीत. त्यांच्याबद्दल खोल्यांमध्ये हुशार माणसे वाद घालतात आणि प्रवेशांच्या मधल्या अंधारात रेकॉर्ड वाजतात. लेखकाने हे समजून-उमजून केले असणार. बँड अदृश्य ठेवल्याने तो पवित्र राहतो. माझी तक्रार त्या पावित्र्याबद्दल आहे. यानिचेक रेडिओ उघडून बसला आहे, तारा जोडतो आहे, कुणीतरी वेळेवर आले नाही म्हणून वैतागला आहे, हे जोवर दिसत नाही तोवर बँड ही एक कल्पनाच राहते, आणि कल्पनेला कुणी आठ महिने तुरुंगात टाकू शकत नाही.

भूमिगत जगाने स्वतःबद्दल लिहिलेली कथाही आहे, आणि तिच्यापाशी येऊन मी अडखळतो. एगॉन बॉन्डी हा कवी प्लास्टिक पीपलपेक्षा दोन दशकांनी मोठा. त्याच्या कविता ह्लावसाने चालींत बांधल्या. १९७४-७५ मध्ये हौस्का किल्ल्यात ध्वनिमुद्रित झालेल्या आणि १९७८ मध्ये फ्रान्समध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमच्या नावातच बॉन्डी आहे. १९७४ मध्ये त्याने एक कादंबरी लिहिली, जी टंकलिखित प्रतींतून हातोहात फिरली. शीर्षकाचा अर्थ साधारण ‘अपंग भावंडे’. भविष्यकाळातले एक राज्य, चहूबाजूंनी चढत येणारे पाणी, आणि त्या राज्यात अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनावर जगत स्वतःचे वेगळे आयुष्य थाटलेली माणसे. यातले निवृत्तिवेतन काल्पनिक नाही. त्या देशात नोकरी नसणे हा गुन्हा होता, ‘परोपजीवी’ म्हणून तुरुंगात टाकत. डॉक्टरचा दाखला मिळवून अपंग ठरणे हा सुटकेचा खरा मार्ग होता. त्या तरुण मंडळींनी या कादंबरीत स्वतःला ओळखले. आपण समाजातून बाहेर फेकलेले नसून आपलाच एक समाज आहोत, ही समजूत त्यांना तिने दिली. यिरोउस तेव्हा ‘दुसरी संस्कृती’ म्हणून जे सांगत होता, त्याला बॉन्डीने माणसे, जेवणे आणि गप्पा दिल्या.

राजवट कोसळल्यावर गुप्त पोलिसांची दप्तरे उघडली, आणि बॉन्डी वेगवेगळ्या काळांत, सत्तरच्या दशकातही, त्यांना माहिती देत होता हे बाहेर आले. २००७ मध्ये तो वारला. बँडच्या लोकांनी, चाहत्यांनी, अभ्यासकांनी यावर बरेच बोलून घेतले आहे. मला इथे कथालेखकाचे काम दिसते. त्या कादंबरीतली ऊब खोटी होती काय? मी ती खोटी म्हणू शकत नाही, कारण तिच्यावर माणसे जगली. मग ज्या हाताने ती लिहिली त्याच हाताने तो माहितीही कशी देत होता? न्यायाधीशाला याचे उत्तर होकार-नकारात द्यावे लागते, इतिहासकाराला तारखा जुळवाव्या लागतात. एकाच माणसाच्या आत ही दोन कामे शेजारी कशी बसली, तो रात्री तालमीहून परतताना कशाचा विचार करत असे, हे विचारायची मुभा फक्त कथेला आहे. निवाडा न देता, आणि सूटही न देता. बॉन्डीवरची ती कादंबरी माझ्या वाचनात अजून आलेली नाही. ती आली तर भूमिगत बँडवरच्या लेखनात ती सर्वांत आधी वाचायची ठरेल, कारण बाहेरचा पोलीस रंगवणे सोपे आहे. तालमीच्या खोलीतला, आपली गाणी लिहून देणारा, आपल्याला प्रिय असलेला पोलीस फार थोड्या लेखकांना पेलेल.

लेनिनग्राडचे भूमिगत जग निराळे होते. तिथे १९८१ मध्ये रुबिन्स्टाइन रस्त्यावर १३ क्रमांकाच्या इमारतीत रॉक क्लब उघडायला परवानगी मिळाली आणि केजीबीची नजर त्यावर राहिली. बँडची नावनोंदणी व्हायची, गीते आधी तपासून घ्यावी लागत, श्रोत्यांनी खुर्चीत बसून ऐकायचे. भूमिगत होती ती ध्वनिफितींची देवाणघेवाण. अधिकृत रेकॉर्ड कंपनी एकच, तीही सरकारी. म्हणून माणसे टेपरेकॉर्डरवर एकीवरून दुसरी प्रत काढत आणि त्या फिती साऱ्या देशभर पोहोचत. ‘किनो’ बँडचा विक्टर त्सोय पुढे देशभर गाजत असतानाही एका बॉयलरखोलीत कोळसा टाकायच्या नोकरीवर होता. नोकरी तर हवीच, आणि बॉयलरखोलीत पाळी संपली की दिवस मोकळे मिळत.

किरिल सेरेब्रेन्निकोव्हचा २०१८ चा ‘लेतो’ हा चित्रपट याच शहरातल्या ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीबद्दल आहे. तरुण त्सोय, त्याला हात देणारा थोडा मोठा गायक माइक नाउमेन्को, आणि माइकची पत्नी नताल्या, जिच्या आठवणींवर चित्रपट उभा आहे. बहुतेक सगळा कृष्णधवल. मधूनच ट्रॉलीबसमधले किंवा आगगाडीतले उतारू पाश्चात्त्य रॉक गाणी गाऊ लागतात, मुले पोलिसांना चुकवून पळतात, पडद्यावर ओरखडे आणि चित्रे उमटतात. आणि मग एक पात्र थेट आपल्याकडे पाहत सांगते की हे असे घडलेले नाही. भूमिगत बँडवरच्या कथेने काय करावे, याचे इतके प्रामाणिक उत्तर मी दुसऱ्या चित्रपटात पाहिलेले नाही. त्या मुलांना स्फोट हवा होता, तो त्यांना आतून रोज ऐकू येत होता. बाहेर होती ती सामायिक फ्लॅटमधली न्हाणीघरे, एका खोलीत झोपलेले बाळ, उसनी आणलेली रेकॉर्ड. चित्रपट दोन्ही दाखवतो आणि कुठले घडले, कुठले नाही हेही सांगतो. पाहणाऱ्याला फसवून नायक बनवायचे नाहीत, आणि त्यांची स्वप्नेही पुसायची नाहीत.

‘अक्वारियम’ बँडचा बोरिस ग्रेबेन्श्चिकोव्ह, जो त्या काळाचा प्रत्यक्ष साक्षीदार, पटकथा वाचून संतापला होता. हे सगळे खोटे आहे, आम्ही असे जगत नव्हतो, असे त्याने जाहीरपणे सांगितले. त्याच्या बोलण्याला वजन आहे आणि मी ते बाजूला सारत नाही. जे जगले त्यांच्या हातून त्यांचे आयुष्य काढून घेतल्यासारखे त्यांना वाटणारच. तरीही मी चित्रपटाच्या बाजूने आहे, कारण त्याने प्रेम, मत्सर आणि उदारपणा यांना केंद्र केले. माइक स्वतःपेक्षा मोठी प्रतिभा ओळखतो आणि तिला वाट करून देतो. त्यात त्याचे काय जाते हे त्याच्या चेहऱ्यावर दिसते. कुठल्याही बँडमध्ये हा क्षण येतो आणि कुठल्याही पोलीस-दप्तरात तो नोंदलेला नसतो. चित्रीकरण चालू असतानाच ऑगस्ट २०१७ मध्ये सेरेब्रेन्निकोव्हला अटक झाली. पैशांच्या अफरातफरीचा आरोप ठेवून त्याला नजरकैदेत ठेवले गेले, आणि चित्रपटाचे उरलेले काम त्याने घरातल्या घरात पूर्ण केले. कानमध्ये तो दाखवला गेला तेव्हा दिग्दर्शक तिथे नव्हता.

तेहरानबद्दल थोडक्यात. बाहमान घोबादीचा २००९ चा इराणी मांजरांवरच्या शीर्षकाचा चित्रपट परवान्याविना, लपतछपत सतरा दिवसांत चित्रित झाला. नेगार आणि अश्कान ही दोन गायक-वादक मुले त्यात जवळजवळ स्वतःच्याच भूमिकेत आहेत. पासपोर्ट, व्हिसा आणि साथीदार शोधत ती तळघरे, गच्च्या पालथ्या घालतात. एक मेटल बँड गाईंच्या गोठ्यात तालीम करतो. चित्रीकरणानंतर लवकरच दोघांनी देश सोडला. कथा म्हणून तो विस्कळीत आहे, गाण्यांच्या चित्रफितींनी भरलेला आहे. पण गोठ्यातली ती तालीम मी यानिचेकच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारी ठेवतो.

गाण्यावर खटला चालवण्याची गोष्ट मराठीने केलेली आहे. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ या चित्रपटात नारायण कांबळे या म्हाताऱ्या लोकशाहिरावर आरोप आहे की त्याचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. वीरा साथीदार यांनी कांबळे उभा केला, गाणी संभाजी भगत यांची. रॉक आणि शाहिरी यांची गल्लत मला करायची नाही; शाहीर उघडपणे राजकारण गातो, प्लास्टिक पीपल गात नव्हते. पण ताम्हाणेने जे केले ते प्रागच्या खटल्यावर लिहिणाऱ्या कुणालाही शिकण्यासारखे आहे. कॅमेरा शाहिराला सोडून सरकारी वकील बाईंबरोबर लोकलने घरी जातो, त्यांचा स्वयंपाक पाहतो. बचावाच्या वकिलाबरोबर बाजारहाट करतो. शेवटी न्यायाधीशांच्या सहलीला जातो. गाण्याला तुरुंगात टाकणारी माणसे कुणी राक्षस नाहीत, घरी जाऊन पोळ्या लाटणारी आहेत, हे पाहून माझ्या पोटात खड्डा पडला. हावेलच्या निबंधात, त्रास नको म्हणून दुकानाच्या काचेत घोषणेची पाटी लावणारा भाजीवाला आहे. ‘कोर्ट’मधल्या सगळ्या माणसांनी तशी एकेक पाटी लावलेली आहे. फक्त कांबळेने लावलेली नाही, आणि चित्रपट त्याला त्याबद्दल टाळ्याही मिळू देत नाही.

मराठी लेखकाजवळ आणखी एक शिदोरी आहे, फडाची. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधला गुणा पैलवानी अंगाचा मजूर, तमाशाच्या वेडापायी तो फड उभा करतो, नाच्या मिळत नाही म्हणून स्वतः नाच्या होतो आणि त्याची किंमत घरीदारी मोजतो. माणसे गोळा करणे, सामान उभे करणे, भूमिका वाटणे, एकाच्या अहंकारापायी सगळ्यांचे बिनसणे हे सारे त्यात आहे. तमाशातल्या माणसांना ठाऊक असते की फड मोडतो तो बहुधा बाहेरच्या माराने नाही. सुपारीचे पैसे, दिलेली उचल, आणि जाहिरातीत कुणाचे नाव कुणाआधी, यांवरून मोडतो.

प्लास्टिक पीपलचेही तसेच झाले. मारहाण, तुरुंग, ब्राबेनेत्सला सोडावा लागलेला देश, या सगळ्यातून बँड तगला. हावेलच्या ह्रादेचेक इथल्या शेतघरात त्यांनी ध्वनिमुद्रण केले, फिती बाहेर धाडल्या. आणि १९८८ मध्ये, राजवट सैल होत असताना, नाव बदलले तर जाहीरपणे वाजवता येईल अशी शक्यता दिसली तेव्हा त्यावरून बिनसले आणि बँड मोडला. ह्लावसाने दुसरा बँड काढला. १९९७ मध्ये सनदेच्या विसाव्या वर्षानिमित्त, राष्ट्राध्यक्ष झालेल्या हावेलच्या आग्रहाने ते पुन्हा एकत्र आले. १९८८ मधले ते भांडण, वीस वर्षे एका नावासाठी सोसलेल्या माणसांना त्या नावाबद्दल काय काय वाटत होते, हे सनदेच्या इतिहासात एका ओळीपुरते येते. कादंबरीला तीनशे पाने पुरणार नाहीत.

आपल्याकडचा बँड वेगळ्या तळघरात आहे. मुंबईत २००० च्या सुमारापासून डिमॉनिक रिझरेक्शनसारखे मेटल बँड स्वतःच्या घरात ध्वनिमुद्रण करून, स्वतःच कार्यक्रम भरवून उभे राहिले. त्यांना कुणी तुरुंगात टाकले नाही. त्याआधी धोबीतलावच्या रंगभवनात रॉक ऐकायला पोरे गर्दी करत, ती जागा शांतता क्षेत्राच्या नियमांत अडकून बंद पडली. २००८ च्या ‘रॉक ऑन’ने बँड घराघरांत नेला खरा, पण त्याची गोष्ट रेकॉर्ड कंपनीच्या कराराभोवती फिरते. ज्यांना करार कधी मिळणारच नाही, आणि हवाही नाही, त्यांच्याबद्दल मराठीत कुणीतरी लिहावे असे मला मनापासून वाटते. कल्याणच्या, पिंपरीच्या, मडगावच्या बँडबद्दल. तासाच्या भाड्याची जॅम रूम, रात्री दहाची मुदत, तक्रार घेऊन आलेले सोसायटीचे सेक्रेटरी, ‘हे असलं किती दिवस?’ असे जेवताना विचारणारी आई, हप्त्यावर घेतलेली गिटार, आणि ड्रम वाजवणाऱ्याला बंगळुरूला लागलेली नोकरी. तो गेल्यावर उरलेल्या तिघांनी नाव तेच ठेवावे की बदलावे, या प्रश्नावर त्या कादंबरीची शंभर पाने गेली तरी मी ती ओळ न ओळ वाचीन.